थोरल्या आणि धाकट्या कॅमेऱ्याची मसलत

श्री. ज्याने मनुष्यास डोळे दिले आणि ते मिटावयास पापणीही दिली, त्या सर्वसाक्षी ईश्वरास दंडवत. शके एकोणीसशे एकतीस, विरोधीनाम संवत्सरे, आश्विन मासी, विजयादशमीचे सोने वाटून जाहलियावर एके दौलतीत कॅमेऱ्याची मसलत उपस्थित जाहली, तिची हकीकत जैसी ऐकिली तैसी लिहिली आहे. दौलतीचे नाव लिहावे तर वारस हयात आहेत आणि अब्रूचा बोभाटा होतो, म्हणोन गाळिले. एके अंगास डोंगर, एके अंगास समुद्र, मध्ये चार तर्फा आणि एक बंदर, एवढा मुलूख. परंतु दरबार पाहावा तर चक्रवर्त्याचा. गादीवर श्रीमंत हैबतराव महाराज होते. महाराज शूर, दानी, घोड्यावर मांड पक्की, रयतेचे दुखणे ऐकावयास उन्हात उभे राहणार. परंतु 'चुकलो' हा शब्द त्यांच्या मुखावाटे उभ्या जन्मात निघाला नव्हता. चुकत नव्हते ऐसे नाही, चुकत बहुत. परंतु चुकले म्हणजे कोणास तरी शिरपाव देत, काहीतरी बांधावयास काढीत, नाही तर मोठे थोरले काही विकत आणीत. हे त्यांच्या राणीसाहेब कमळजाबाई यांस पक्के ठाऊक होते. राणीसाहेबांनी लग्नापासून नवऱ्याच्या चुका मोजल्या नाहीत, वाड्यातील नवे सामान पाहिले की समजत की कोठेतरी काही चुकले आहे.

महाराजांस एक धाकटी बहीण, मैनाबाई. भावाच्या पाठीवर बसून वाढलेली. तिचे लग्न शेजारच्या दौलतीच्या कारभाऱ्यांच्या घरी मोठ्या थाटाने जाहले आणि पाठवणीचा समय आला. मेणा वेशीच्या दरवाजात उभा राहिला, मैनाबाईंनी डोळे पुसले आणि दादाची वाट पाहू लागल्या. त्या समयी महाराज कोठे होते, तर दारूखान्यापुढे तोफेवर पाय देऊन, हाती नागवी तलवार घेऊन, शहरगावाहून आणविलेल्या तसबीरवाल्यापुढे उभे होते. मैनाबाईंनी माणूस पाठविला, महाराज बोलिले, "आलोच, एवढी एक होऊ द्या." दुसरा माणूस पाठविला, तेव्हा तलवार उजव्या हातातून डाव्या हातात घेतली होती. तिसरा गेला तो परत आलाच नाही, कारण तोफेमागे उभा राहावयास माणूस कमी पडत होता, त्यास तेथेच उभा केला. मुहूर्त टळू लागला, मेणा उठला, आणि बहीण भावाचे तोंड न पाहता गेली. त्यास एक तप लोटले. मैनाबाई माहेरी आल्या नाहीत. भाऊबिजेस ओवाळणी जाई, तबक परत येई, वर शब्द नसे. तोफेवरची ती तसबीर मात्र दिवाणखान्यात लाविली होती. एके दिवशी महाराजांनीच ती उतरवून अडगळीत टाकविली आणि दुसऱ्याच दिवशी वाड्यात कारंजे बांधावयास काढिले. राणीसाहेब कारंजे पाहून काय ते समजल्या.

ऐशियात भिकाजी नावाचा जासूद मैनाबाईंकडून आला आणि मुजरा करून तोंडचा निरोप सांगितला तो ऐसा: "यजमानांची नेमणूक सातासमुद्रापलीकडे वकील म्हणून जाहली. मार्गशीर्षात आपल्याच बंदरातून गलबत निघेल. परत येणे कधी, येणे की नाही, ठाऊक नाही. वाटेत शिवेवरच्या देवळापाशी मुक्काम करीन. दादा स्वतः शिवेवर न्यावयास आला तर माहेरी येईन, चार दिवस राहीन. न आला तर परस्पर बंदर गाठीन." हे ऐकून महाराज उठून खिडकीशी गेले, आणि वळून बोलिले, "राणीसाहेब, तेव्हा बहीणभावाची जोडीने तसबीर राहूनच गेली. आता काढू. ऐसी काढू की नाव राहील." राणीसाहेब त्यांच्यापाशी गेल्या. त्या बोलिल्या, "वन्संनी तसबीर मागितली नाही. शिवेवर येऊन उभे राहावे, इतकेच मागितले आहे." महाराज बोलिले, "उभा राहीनच हो. पण उभा राहिलो ऐसी तसबीर नको का?" आणि ताबडतोब मसलत बोलाविली. राणीसाहेब मनात समजल्या की वाड्यात आता नवे सामान येणार.

दौलतीत जुना कॅमेरा होता, त्यास बुरशी आली होती आणि त्याची रिळे कोठेच मिळत ना. तेव्हा नवा कोणता घ्यावा ऐसा प्रश्न पडला आणि दरबाराचे दोन तट जाहले. एक तट गिरमाजीपंत चित्रनवीस यांचा. पंतांनी इंटरनेटवरची परीक्षणे वाचून वाचून डोळ्यांखाली काजळी धरविली होती. त्यांचे म्हणणे की डीएसएलआर घ्यावा, ज्याच्या पोटात आरसा असतो, भिंगे पालटता येतात, छिद्राला डोळा लावून पाहतात आणि कळ दाबताच खटका ऐसा वाजतो की समोरच्यास आपण मोठ्या माणसापुढे उभे आहो ऐसे वाटावे. दुसरा तट सुभानराव जामदार यांचा. सुभानराव अंगाने थोराड परंतु वस्तू बारीक हवी ऐसा त्यांचा छंद. त्यांचे म्हणणे की अल्ट्राकॉम्पॅक्ट घ्यावा, जो विड्याच्या डबीएवढा, शेल्यात खोवला तर कोणास दिसत नाही, पाठीमागे काचेवर चित्र उमटते, आणि ज्यास चालवावयास शास्त्र पढावे लागत नाही. पंत बोलिले, "त्या डबीचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा. त्यावर उजेड किती मावणार? दिवाणखान्यात तसबीर काढली तर महाराजांच्या मुखावर रवा पसरल्यासारखे दिसेल." सुभानराव बोलिले, "आणि तुमच्या धोंड्याला न्यावयास खेचर लागेल. ताईसाहेब येऊन, जेवून, जाऊन होतील, तोवर तुमची पेटी उघडायचीच असेल." पंत बोलिले, "डबीची कळ दाबली की ती आधी विचार करते, मग तसबीर घेते. तोवर माणूस मान वळवतो." सुभानराव बोलिले, "विचार करते हे बरेच. दरबारात कोणीतरी करावा." दरबार खदखदा हसला आणि तो दिवस तेथेच संपला, निर्णय जाहला नाही, पंगत मात्र उठली.

दुसरे दिवशी नवाच घोळ निघाला. पंतांनी सुचविला तो डीएसएलआर थोरल्यांच्या घराण्यातला सर्वांत धाकटा, अगदी पहिल्या पायरीचा होता, अंग प्लास्टिकचे. आणि सुभानरावांचा अल्ट्राकॉम्पॅक्ट धाकट्यांच्या घराण्यातला सर्वांत थोरला, अंग पोलादाचे, झगझगीत. तेव्हा मानकऱ्यांत हीच चर्चा की मोठ्या घरचा कनिष्ठ आणावा की लहान घरचा ज्येष्ठ. जणू सोयरीकच जमवावयाची होती. कोणी बोलिले की मेगापिक्सेल दोहींचे सारखेच, मग जड वस्तू का घ्यावी; कोणी बोलिले की मेगापिक्सेल पाहून कॅमेरा घेणारा तो चोपडीचे वजन करून पंडित निवडणारा. हे ऐकून सर्वांनी माना डोलविल्या, आणि मेगापिक्सेल म्हणजे काय हे त्यांतील तिघांसही ठाऊक नव्हते. राणीसाहेब चिकाच्या पडद्याआड बसून ऐकत होत्या, त्यांस राहवेना. त्यांनी पडदा सारिला आणि बोलिल्या, "पंत, सुभानराव, आपणांपाशी खासगी कॅमेरे आहेतच. आपण आजवर काढलेल्या तसबिरी आणा बघू." तेव्हा दोघेही हरखले आणि धावत जाऊन आले. पंतांच्या तसबिरींत एक विटांची भिंत होती, सकाळची, दुपारची, सायंकाळची, जवळून आणि लांबून. आणि खिडकीत ठेविलेले एक लिंबू होते. "कडा पाहाव्या, राणीसाहेब," पंत बोलिले, "कोपऱ्यापर्यंत वीट न् वीट मोजून घ्यावी." सुभानरावांच्या तसबिरींत आरशात पाहणारे सुभानराव होते, आणि जेवणाची ताटे होती, आणि पुन्हा आरशात सुभानराव. राणीसाहेब बोलिल्या, "आपल्या घरी माणसे राहतात ना?" महाराज मिशीत हसले, राणीसाहेबांस वाटले आता तरी उमजले, तोच महाराज बोलिले, "पंत, विटा खरेच सुरेख आल्या आहेत." तेव्हा राणीसाहेबांनी पडदा पुन्हा ओढून घेतला.

आता भिकाजी जासुदाची कथा ऐकावी. त्यास उत्तर घेऊन जावयाचे होते, आणि उत्तर एका शब्दाचे होते: येतो. परंतु तो शब्द निघेना, कारण पंतांनी ऐसा पेच घातला की थोरला कॅमेरा आणिला तर तसबीर दिवाणखान्यात, खिडकीच्या मऊ उजेडात काढावी, शिवेवर धूळ उडते, ती यंत्राच्या पोटात शिरेल. आणि धाकटा आणिला तर शिवेवर भर उन्हातच काढावी, कारण घरात त्यास दिसत नाही. म्हणजे महाराजांनी बहिणीस आणावयास शिवेवर जावे की न जावे, हे कॅमेरा कोणता येतो यावर ठरले! ऐसे कारण भिकाजीने ऐकिले तेव्हा त्याने आधी कान साफ केले आणि पुन्हा पुसिले, उत्तर तेच आले. मग तो देवडीवर बसून राहिला. रोज मुदपाकखान्यातून त्यास ताट येई, आणि दरबारी लोक येता-जाता विचारीत, "काय भिकाजी, तुझे मत काय, थोरला की धाकटा?" तो बोले, "मी निघतो कधी, एवढेच माझे मत." याची त्यांस मोठी मौज वाटे. राणीसाहेब रोज महाराजांस पुसत, "इकडून ठरले काय?" महाराज बोलत, "होत आले." एके दिवशी कोणी उपटसुंभ येऊन बोलिला की संक्रांतीस नवे मॉडेल येत आहे, त्यात सर्व दोष निघतील, तोवर थांबावे, आणि महाराज खरोखरीच थांबावयाच्या विचारात पडले. राणीसाहेब बोलिल्या, "गलबत नव्या मॉडेलासाठी थांबणार आहे का?" महाराज रागावले, "आपणांस वाटते मला बहिणीचे काही नाही? मी हे सगळे तिच्याचसाठी करतो आहे." आणि त्यांचे म्हणणे खरे होते, हीच तर त्यातली वाईट गोष्ट. राणीसाहेबांनी पाहिले की महाराज रोज उठून बहिणीची आठवण काढतात, तिला आवडते म्हणून पेरूची झाडे राखवितात, तिच्या खोलीस रंग देववितात, आणि शिवेचे नाव निघाले की कॅमेऱ्याकडे वळतात. शिवेवर गेले तर समोरासमोर उभे राहावे लागेल आणि तोंड उघडावे लागेल, हे भय होते. तोफेपुढे न डरणारा पुरुष एका शब्दाला डरत होता, आणि दोन यंत्रांच्या आड लपत होता. आणि दरबार त्यास शास्त्रार्थ समजत होता.

मग राणीसाहेबांनी कोणास न पुसता घोडी काढविली आणि भिकाजीस बरोबर घेऊन शिव गाठिली. देवळापाशी राहुट्या होत्या. मैनाबाई बाहेर एका धोंड्यावर बसून शेंगा सोलीत होत्या. दुरून टापा ऐकून उभ्या राहिल्या, हातातल्या शेंगा खाली पडल्या, घोडी एकच आहे ऐसे पाहून त्यांचे तोंड उतरले, तरी पुढे येऊन वहिनीस मिठी मारिली आणि पुसिले, "वहिनीसाहेब, दादा मागून येतोय ना?" राणीसाहेबांनी वाटेत चार सबबी रचल्या होत्या, ताप, फौजेचे काम, अमावास्या, परंतु त्या मुखाकडे पाहून एकही निघेना. त्या बोलिल्या, "वन्सं, खोटे कशाला बोलू? कॅमेरा ठरत नाही." मैनाबाई हसू लागल्या, आणि इतक्या हसल्या की राहुटीतून यजमान डोकावले, आणि हसता हसता खाली बसल्या, आणि मग हसणे कोठे संपले आणि रडणे कोठे लागले ते कळले नाही. डोळे पुसून बोलिल्या, "तेव्हाही हेच होते, वहिनी. मी मेण्यात बसले होते, गुडघ्यावर नारळ होता, आणि लांबून त्याचा आवाज येत होता, 'मान थोडी वर घेऊ का?' तो तसबीरवाल्याला विचारीत होता. माझ्यासाठी घटकाभर मान खाली घातली असती तर काय बिघडले असते?" राणीसाहेब बोलिल्या, "तुमच्या खोलीला रंग दिलाय. पेरू राखलेत. रोज नाव काढतात." मैनाबाई बोलिल्या, "मग येत का नाही?" राणीसाहेब बोलिल्या, "तुम्ही काय बोलाल याचे भय आहे." मैनाबाई बोलिल्या, "मी काहीच बोलणार नव्हते. त्याचे केस पिकले का एवढे पाहणार होते." मग सांडलेल्या शेंगा गोळा करीत बोलिल्या, "आता मुक्काम हलवावा लागेल, गलबत पौर्णिमेला नांगर उचलणार. माहेरी येणे आता होत नाही. त्याला सांगा, बंदरावर ये. तसबीर नको, आहेर नको. दोन शब्द बोल आणि मला तुझे तोंड पाहू दे. म्हणजे मी सुखाने जाईन." राणीसाहेबांनी कबूल केले आणि परत फिरल्या. वाटेत घोडीला टाच मारताना त्यांस पंतांच्या विटा आठवत होत्या, आणि ऐसे मनात येत होते की त्यातील एक काढून कोणाच्या तरी डोक्यात घालावी.

राणीसाहेबांनी दरबारात सर्वांसमक्ष निरोप सांगितला, पदरचे काही घातले नाही आणि काही वगळले नाही. महाराजांचे मुख पांढरे पडले. ते गादीवरून उठले आणि बोलिले, "घोडे काढा. आत्ता निघायचे." राणीसाहेबांस वाटले, आता दौलत वाचली. परंतु दरबार म्हणजे दरबार. मानकऱ्यांनी हात जोडिले की महाराज जाताहेत तर रिक्त हस्ते कैसे जातील, एवढी मसलत वाया का घालावी. तेव्हा महाराज घाईने बोलिले, "दोन्ही आणा!" आणि इतके दिवस जे ठरत नव्हते ते दुकानदाराने चुटकीसरशी बांधून दिले. पंतांनी थोरल्यास एक लांब भिंगही घ्यावयास लाविले. मग पंत बोलिले की बॅटरी पहिल्याने पूर्ण भरावी लागते, पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. सुभानराव बोलिले की डबीवर महाराजांची मुद्रा कोरून घ्यावी. तिपाई आली, तिजवर गोंडे लाविले. निघावयाच्या दिवशी खासे घोडे, मागे पंतांचे खेचर, त्याच्या मागे यंत्राची पेटी धरणारा, तिपाई धरणारा, छत्र धरणारा, आणि खेचर उतारावर चालेना. महाराज पुढे जात आणि मागे वळून थांबत. राणीसाहेब बोलिल्या, "आपण पुढे व्हावे. यंत्र मागून येईल." महाराज बोलिले, "इतक्या दुरून आणले, आता थोडक्यासाठी का टाकावे?"

बंदरावर पोहोचतात तो गलबताने नांगर उचलिला होता, शीड भरू लागले होते आणि धक्का व गलबत यांत पाणी वाढत होते. कठड्याशी हिरव्या लुगड्यात मैनाबाई उभ्या होत्या. त्यांनी भावाची स्वारी ओळखिली आणि दोन्ही हात उंच केले. अजून हाक पोहोचेल इतके अंतर होते. राणीसाहेब बोलिल्या, "हाक मारावी, आत्ता!" महाराजांनी छाती भरून घेतली, तोंड उघडले, आणि इतक्यात पंत आडवे आले, "महाराज, क्षणभर! आखूड भिंग लागले आहे, लांब लावतो." परंतु वारा सुटला होता, वाळू उडत होती, आणि उघड्या यंत्रात कण जाईल ऐसे भय, म्हणोन महाराजांच्या माथ्यावरचे छत्र काढून यंत्रावर धरिले. राजा उन्हात उभा आणि यंत्र छायेत, ऐसा दरबार कोणी पाहिला नसेल. तिकडे सुभानरावांनी शेल्यातून डबी काढिली, कळ दाबली, डबीने विचार केला, आणि मध्येच गेलेल्या हमालाची सुक्या मासळीची पाटी टिपली; दुसऱ्यांदा दाबली तर गलबत तिळाएवढे, ताईसाहेब त्या तिळावर कोठे होत्या ते डबीसच ठाऊक. मग भिंग बसले, पंतांनी थोरले यंत्र महाराजांच्या दोन्ही हातांत दिले आणि महाराजांनी छिद्राला डोळा लाविला. आणि काय आश्चर्य, मैनाबाई हाताच्या अंतरावर आल्या. कानशिलावर चार पांढरे केस, गालाला वळी पडलेली, कपाळावर लहानपणी पेरूवरून पडल्याची खूण. महाराज श्वास घ्यावयाचे विसरले. मैनाबाई तोंडाभोवती हात धरून ओरडून काही बोलत होत्या, ओठ हलताना स्पष्ट दिसत होते. महाराजांनी कळ दाबिली, पुन्हा दाबिली. मैनाबाई थांबल्या, उत्तराची वाट पाहिली, पुन्हा ओरडल्या. महाराजांचे दोन्ही हात यंत्रास, म्हणोन हात हलविला नाही. आणि डोळा छिद्रास, म्हणोन तोंडही दिसले नाही. भावाचे मुख पाहावयास इतके दिवस शिवेवर बसलेल्या त्या बाईने अखेर पाहिले ते एक काळे भांडे आणि त्याच्या वर पागोटे. राणीसाहेबांनी पदर सोडून हवेत हलविला, तेवढाच त्या धक्क्यावर हलला. गलबत वळले.

महाराजांनी यंत्र खाली घेतले, पाठीमागच्या काचेत पाहिले, आणि हर्षाने बोलिले, "राणीसाहेब, पाहा पाहा! डोळ्यांतले पाणीसुद्धा आले आहे!" राणीसाहेबांनी पाहिले नाही. त्यांनी पुसिले, "वन्सं काय बोलल्या?" महाराज बोलिले, "कधी?" राणीसाहेब बोलिल्या, "आत्ता. दोनदा ओरडल्या." महाराज बोलिले, "माझे लक्ष फोकसकडे होते." तेव्हा राणीसाहेब घोडीवर बसून वाड्याकडे निघाल्या, महाराजही मागून आले, आणि यंत्र गळ्यात लोंबत होते, आणि ते वरचेवर समुद्राकडे वळून पाहत होते, आणि कोणी तसबिरीची तारीफ केली तर त्यांस ती ऐकवेना. दरबाराने मात्र फत्ते मानिली. तोफा सोडिल्या. पंतांस शिरपाव जाहला. तसबीर हातभर मोठी करून दिवाणखान्यात लाविली, आणि येणारे-जाणारे लुगड्याच्या काठाचे धागे मोजीत आणि धन्य धन्य म्हणत. ती बाई कोण, कशासाठी ओरडते आहे, हे एकानेही पुसिले नाही. एक प्रत भिकाजीच्या हाती सातासमुद्रापलीकडे रवाना जाहली, कोपऱ्यात पंतांची सही करून.

चैत्र उजाडल्यावर भिकाजी परत आला. महाराज धावत देवडीपर्यंत गेले. "तसबीर पोहोचली? काय म्हणाली?" भिकाजीने मुजरा केला आणि खाली पाहून बोलिला, "ताईसाहेब म्हणाल्या, तसबीर पोहोचली. फार चांगली आहे. पण ही माझी आहे, आणि मला मी आरशात रोज दिसते. दादाची एखादी असेल तर पाठवा." महाराज भिकाजीस घेऊन दिवाणखान्यात आले, तेथे दरबारी जमले होते. तोफेवरची जुनी तसबीर अडगळीत सडून गेली होती, आणि त्यानंतरच्या प्रत्येक तसबिरीत महाराज कोठे नव्हते, यंत्राच्या मागे होते. पंत पुढे सरसावले, "महाराज, मुहूर्त पाहून, जरीपोशाख घालून, पडदा लावून..." सुभानराव बोलिले, "पडदा कशाला? डबीने..." राणीसाहेब उठल्या, मेजावर दोन्ही यंत्रे पडली होती, त्यातील हातास लागले ते उचलिले आणि बोलिल्या, "इकडे बघावे." महाराज नुकते स्नान करून आले होते, डोईस पागोटे नव्हते, केस बहुत पिकले होते. ते बोलिले, "थांबा, मी जरा..." आणि तेथेच थांबले. मग त्या यंत्राकडे, जणू त्याच्या पलीकडे कोणी उभे आहे ऐसे पाहत, फुटक्या स्वराने बोलिले, "मैने, चुकलो ग." आणि राणीसाहेबांनी कळ दाबिली. पंत कळवळून बोलिले, "राणीसाहेब, तोंड उघडे आले आहे! पुन्हा घ्यावी लागेल." राणीसाहेब बोलिल्या, "हीच जाईल." आणि तीच गेली.

येणेप्रमाणे कॅमेऱ्याची मसलत समाप्त जाहली. पंत आणि सुभानराव शहाणे होते, दोघांचे म्हणणे आपापल्या जागी खरे होते, आणि दोघांपासून दौलतीस कवडीचा उपयोग जाहला नाही. ती अखेरची तसबीर थोरल्या कॅमेऱ्याने घेतली की धाकट्याने, हे राणीसाहेबांच्या ध्यानात राहिले नाही, आणि त्यांस पुसावे ऐसी दरबारात कोणाची छाती नव्हती. लेखनसीमा.